हॅटट्रिकमध्ये फॉरवर्ड कसा आणि कुठे खेळवायचा: नव्या मॅनेजरसाठी

हॅटट्रिक हा ऑनलाइन फुटबॉल मॅनेजरचा खेळ नुकताच सुरू केलेल्या मॅनेजरची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: बाजारातून एवढे पैसे मोजून स्ट्रायकर आणला, तरी गोल काही होत नाहीत. मग तो स्ट्रायकर तोट्यात विकला जातो, दुसरा येतो आणि तोही तसाच गप्प. खेळाडूत खोट क्वचितच असते. घोडं पेंड खातं ते त्याला दिलेल्या ऑर्डरपाशी, म्हणजे कसं खेळायचं या सूचनेपाशी.

१९९७ साली स्वीडनमध्ये सुरू झालेला हा ब्राउझरवरचा खेळ आहे. तुम्ही संघ लावता, ऑर्डर देता आणि मग सामना नुसता बघता. भारताची स्वतंत्र लीगही आहे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने बघून तयार झालेली नजर इथे जरा आड येते. 'पोरगा बॉक्समध्ये कसा घुसतो' हे इथे बघायला मिळत नाही. हॅटट्रिकमधला फॉरवर्ड पळत नाही की घुसत नाही, तो काही ठरावीक रकान्यांत आकडे भरतो. ते आकडे कोणत्या रकान्यात पडावेत हे तुम्ही ठरवता, आणि ते ठरवताना आधी समोरच्याचा बचाव बघायचा, आपल्या खेळाडूची किंमत नंतर.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- तुमच्या फॉरवर्डांची (आणि फॉरवर्ड होऊ शकतील अशांची) कौशल्यं
- समोरच्या संघाच्या मागच्या चार-पाच सामन्यांची सेक्टर रेटिंग्ज (मैदानाच्या प्रत्येक भागातली संघाची ताकद)
- सामना ज्या मैदानावर आहे तिथल्या विभागाचा हवामान अंदाज
- हॅटट्रिक ऑर्गनायझर हा संगणकावर चालणारा फुकट प्रोग्रॅम. लाइनअप बदलली की अंदाजे रेटिंग किती बदलतं ते तो दाखवतो
- जमल्यास फॉक्सट्रिक हे ब्राउझरचं एक्स्टेन्शन

पैसे भरून सपोर्टर व्हायची गरज नाही. त्यात सोयी मिळतात, मैदानावर ताकद मिळत नाही.

१. हल्ले येतात कुठून, ते आधी बघा

प्रत्येक संघाला सात सेक्टर रेटिंग्ज असतात: एक मिडफिल्ड, तीन बचावाची (उजवा, मधला, डावा) आणि तीन हल्ल्याची. हल्ला किती वेळा मिळणार हे मुख्यतः मिडफिल्ड ठरवतं. मिळालेल्या हल्ल्याचा गोल होणार का, हे तुमचं हल्ल्याचं रेटिंग आणि समोरच्याचं बचावाचं रेटिंग यांच्या झटापटीत ठरतं. नवे लोक गडबड करतात ती इथेच. मिडफिल्ड मार खात असेल तर जगातला सर्वोत्तम स्ट्रायकर आणा, त्याच्यापर्यंत चेंडूच येणार नाही.

कोणतीही खास टॅक्टिक न लावता खेळलात तर साधारण ३५ टक्के हल्ले मधून, २५ टक्के डावीकडून, २५ टक्के उजवीकडून आणि उरलेले सेट पीसमधून (फ्री किक, पेनल्टी वगैरे) होतात. हे प्रमाण डोक्यात पक्कं करा, पुढे सारखं लागणार आहे.

आणि हो, बाजू उलट्या असतात. तुमचा डावा हल्ला समोरच्याच्या उजव्या बचावावर आदळतो. घाईत लाइनअप लावताना हे हमखास चुकतं. मैदानाचं चित्र बघून अंदाज बांधू नका. जागेचं नाव वाचा.

२. खेळाडूचे चार रकाने मांडा

फॉरवर्डसाठी चार कौशल्यं बघायची: स्कोअरिंग (गोल मारणं), पासिंग, विंगर (बाजूने हल्ला करणं; याच नावाची जागाही आहे) आणि प्लेमेकिंग (मिडफिल्डमध्ये खेळ रचणं). खेळात ती शब्दांत लिहिलेली असतात. शब्दांवर डोकं चालत नसेल तर आकड्यांत लिहून काढा: वीक म्हणजे ४, इनॅडिक्वेट ५, पासेबल ६, सॉलिड ७, एक्सलंट ८, आणि असं चढत डिव्हाइन म्हणजे २०. खालच्या डिव्हिजनमध्ये ६-७ स्कोअरिंगचा माणूस संघात असेल तरी बरंच काही निभावतं.

त्याच्या शेजारी फॉर्म, स्टॅमिना, अनुभव आणि स्पेशालिटी (पॉवरफुल, क्विक, टेक्निकल असा खास गुण, असल्यास) लिहा. फॉर्म घसरलेला ८ स्कोअरिंगवाला आणि फॉर्मात असलेला ७ स्कोअरिंगवाला यांत मी दुसरा घेईन, डोळे झाकून.

सामन्यानंतर प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे दिसणाऱ्या कामगिरीच्या ताऱ्यांवर मात्र जीव टाकू नका. एखाद्याला भरपूर तारे मिळाले म्हणजे संघाला त्याचा उपयोग झालाच असं नाही. समोरच्याचा मधला बचाव भक्कम असताना मधूनच हल्ला करत राहिलेला स्ट्रायकर तारे घेऊन येतो आणि संघ ०-२ ने हरून येतो. बघायचं ते सेक्टर रेटिंग.

३. तीन ऑर्डरी

फॉरवर्डला तीनपैकी एक ऑर्डर देता येते. इथे जरा थांबून वाचा, कारण लेखाचा जीव इथेच आहे.

नॉर्मल. स्कोअरिंगचा मोठा वाटा मधल्या हल्ल्यात जातो. पासिंगही मधल्याच हल्ल्याला हातभार लावतं. दोन्ही बाजूंच्या हल्ल्यांत स्कोअरिंग आणि विंगरचे थोडे थोडे थेंब पडतात, आणि प्लेमेकिंगचा किंचित फायदा मिडफिल्डला होतो. म्हणजे नॉर्मल हा स्कोअरिंगचा माणूस, पण पासिंग ३ असलेला आणि ६ असलेला यांत दिसण्याजोगा फरक पडतो. बाजारात फक्त स्कोअरिंग लावून शोधणारे हा फरक फुकट सोडून देतात.

टुवर्ड्स विंग. ही ऑर्डर डाव्या आणि उजव्या फॉरवर्डलाच देता येते, मधल्याला नाही. मधल्या हल्ल्यातलं त्याचं योगदान घटतं आणि त्या त्या बाजूच्या हल्ल्यात स्कोअरिंग व विंगर ही दोन्ही कौशल्यं जोरात लागतात. विंगर कौशल्य १ किंवा २ असलेल्या शुद्ध स्ट्रायकरला इकडे पाठवलं तर मधलं गेलं आणि बाजूलाही अर्धवटच आलं, अशी गत होते. या ऑर्डरीला स्कोअरिंग ६ आणि विंगर ६ असा दोन्हीकडचा माणूस शोभतो. असे खेळाडू बाजारात बरेचदा स्वस्तात मिळतात, कारण शोधणारे एकाच कौशल्याने यादी लावतात. वय ३० च्या पुढे चालत असेल तर आणखी स्वस्त. त्यांना ट्रेनिंग देऊन विकण्याचा नफा नसतो म्हणून भाव पडलेला असतो. पगार बघून घ्या, एवढंच.

डिफेन्सिव्ह. नाव ऐकून फसू नका. हा माणूस तुमच्या बचावात काहीही भर घालत नाही. तो मागे येऊन मिडफिल्डला मदत करतो: त्याच्या प्लेमेकिंगला नॉर्मलपेक्षा जास्त वजन मिळतं, मधल्या हल्ल्यात स्कोअरिंगचं वजन घटतं आणि पासिंगचं वाढतं, आणि पासिंगमुळे दोन्ही बाजूंच्या हल्ल्यांनाही थोडं बळ मिळतं. त्याची स्पेशालिटी टेक्निकल असेल तर बाजूंच्या हल्ल्यातला पासिंगचा वाटा आणखी वाढतो. म्हणून स्कोअरिंग ४, पासिंग ७, प्लेमेकिंग ५ असा 'ना धड स्ट्रायकर ना धड मिडफिल्डर' खेळाडू टाकून देऊ नका. इन्नर मिडफिल्डच्या (मधल्या मिडफिल्डच्या) तीन जागा भरल्या असतील तर मिडफिल्ड आणखी थोडं उचलायची वाट ही आहे.

४. समोरचा बचाव वाचून जोडी ठरवा

समजा, तुमच्याकडे तीन फॉरवर्ड आहेत. अ: स्कोअरिंग ७, पासिंग ४, विंगर २. ब: स्कोअरिंग ६, विंगर ६, पासिंग ३. क: स्कोअरिंग ४, पासिंग ७, प्लेमेकिंग ५. समोरच्या संघाचा मागच्या चार सामन्यांतला बचाव साधारण असा: उजवा ४, मधला ९, डावा ८. जागा दोन.

पहिला मोह होतो अ-ब, दोघेही नॉर्मल, कारण स्कोअरिंग त्यांचंच जास्त. पण त्यांची सगळी ताकद जाणार ९ च्या भिंतीवर. ३५ टक्के हल्ले तिथेच मरणार.

मी ब ला डाव्या फॉरवर्डच्या जागी ठेवून टुवर्ड्स विंग देईन, म्हणजे तो त्यांच्या उजव्या ४ वर चालून जाईल. त्याच्या मागे डावा विंगर ऑफेन्सिव्ह. दुसऱ्या जागी क, डिफेन्सिव्ह. मधल्या भिंतीशी आपलं तसंही जमणार नाही, मग अ चे ७ तिथे ओतण्यापेक्षा क कडून मिडफिल्ड वाढवून हल्ल्यांची संख्या वाढवलेली बरी. त्यातले पाव तरी त्यांच्या लंगड्या बाजूला जातील. अ बाकावर बसतो. त्याची किंमत सगळ्यांत जास्त असली तरी.

आता हाच सामना मधला बचाव ५ आणि बाजू ८-८ असलेल्या संघाशी असता, तर अ नॉर्मल, क नॉर्मल किंवा डिफेन्सिव्ह, आणि ब बाकावर. खेळाडू तेच, फक्त समोरचा बदलला.

दोन गोष्टी जपायच्या. पहिली: एका सामन्यावरून निष्कर्ष काढू नका. त्या दिवशी त्यांचा उजवा विंग बॅक जखमी असेल, किंवा तो ऑफेन्सिव्ह खेळला असेल. चार सामन्यांत तीच बाजू पडकी दिसली तरच ती पडकी. दुसरी: घरचं मैदान, संघाचा उत्साह आणि 'मॅच ऑफ द सीझन'सारखा पवित्रा यांचा परिणाम मिडफिल्डवर होतो, बचावावर नाही. त्यामुळे समोरच्याच्या मिडफिल्डचा जुना आकडा दगा देऊ शकतो, बचावाचा आकडा तुलनेने भरवशाचा असतो. फॉरवर्डची ऑर्डर ठरवायला आपल्याला बचावाचाच आकडा हवा आहे, हे आपलं नशीब.

एकच बाजू इतकी फुगवणं की दुसरी रिकामी पडावी, हेही टाळा. त्या बाजूला येणारे हल्ले मुळात २५ टक्केच आहेत. गावच्या एकाच नळाला मोठी मोटर लावून पाणी वाढत नाही. पाणी येण्याची वेळ तेवढीच असते.

५. एक, दोन की तीन

जास्तीत जास्त तीन फॉरवर्ड खेळवता येतात. पण दोन उभे केले की प्रत्येकाचं योगदान थोडं घटतं, आणि तिसरा आला की आणखी घटतं. म्हणजे तिसरा फॉरवर्ड तुम्हाला एका फॉरवर्डइतका कधीच मिळत नाही, आणि तो उभा करण्यासाठी मिडफिल्ड किंवा बचावातला एक माणूस गेलेला असतो.

नव्या संघाला माझा सल्ला ३-५-२ किंवा ४-४-२. मिडफिल्ड भरा, वर दोन ठेवा आणि त्यांच्या ऑर्डरी दर आठवड्याला बदला. तीन फॉरवर्ड तेव्हाच, जेव्हा मिडफिल्ड आधीच वरचढ आहे, किंवा तुम्ही स्कोअरिंगचं ट्रेनिंग देताय. तेव्हा मधला नॉर्मल आणि बाहेरचे दोघे टुवर्ड्स विंग ही रचना तीनही बाजूंनी धाक ठेवते.

फॉर्मेशन अचानक बदलू नका. प्रत्येक फॉर्मेशनचा संघाला सराव लागतो. सराव नसेल तर सामन्यात गोंधळ उडतो आणि रेटिंग पडतं. नवं फॉर्मेशन आधी आठवड्याच्या मधल्या वाराच्या मैत्रीपूर्ण सामन्यात घासून घ्या.

६. टॅक्टिकशी भांडण होऊ देऊ नका

अटॅक इन द मिडलने बाजूंच्या हल्ल्यांतले काही मधे वळतात. अटॅक ऑन विंग्जने मधले काही बाजूंना जातात. किती वळणार हे मैदानावरच्या खेळाडूंच्या पासिंगवर अवलंबून असतं, म्हणून इथे पासिंगवाला फॉरवर्ड दोनदा कामाला येतो. पहिल्या टॅक्टिकसोबत टुवर्ड्स विंग देणारे आणि दुसरीसोबत दोन शुद्ध नॉर्मल ठेवणारे मॅनेजर मी पुष्कळ पाहिले. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं, असला प्रकार. अटॅक ऑन विंग्ज लावताना हेही ध्यानात घ्या की वळलेले हल्ले दोन्ही बाजूंना वाटले जातात. वरच्या उदाहरणात त्यातले निम्मे त्यांच्या मजबूत डाव्या बचावावर गेले असते. म्हणून तिथे मी ती लावली नाही.

काउंटर अटॅकची गंमत निराळी. ती चालायला तुमचं मिडफिल्ड समोरच्यापेक्षा कमी असावं लागतं. अशा वेळी मिडफिल्डला हातभार म्हणून डिफेन्सिव्ह फॉरवर्ड लावला आणि त्याने मिडफिल्ड नेमकं वर नेलं, तर सगळी योजनाच कोलमडते. काउंटरला वर जे कोणी असतील ते शुद्ध मारणारे हवेत: नॉर्मल किंवा टुवर्ड्स विंग, प्लेमेकिंगची पर्वा न करता.

प्रेसिंगमध्ये दोन्ही संघांचे हल्ले कमी होतात. त्यात फॉरवर्डवर फार डोकं घालवू नका.

७. स्पेशालिटी आणि आभाळ

सगळ्यांत उपयोगाची जोडी म्हणजे पॉवरफुल आणि नॉर्मल. पॉवरफुल फॉरवर्ड नॉर्मल ऑर्डरीवर असेल तर हुकलेल्या हल्ल्यानंतर त्याला धक्काबुक्की करून दुसरी संधी मिळू शकते. त्याला डिफेन्सिव्ह किंवा टुवर्ड्स विंग दिलंत की हा लाभ गेला. अशा माणसाला उगाच हलवू नका.

क्विक फॉरवर्ड बचाव तोडून पुढे निघू शकतो, पण समोर क्विक बचावपटू असेल तर तो त्याला अडवतो; आधी त्यांची यादी बघा. हेड स्पेशालिस्ट कॉर्नरला आणि विंगरच्या क्रॉसवर कामाचा. अनप्रेडिक्टेबल हा लॉटरीचा प्रकार आहे. त्याच्यावर डाव रचायचा नाही, लागली तर लागली.

हवामान: पावसात पॉवरफुल खुलतो आणि टेक्निकल पडतो, कडक उन्हात उलट. क्विकला ऊन आणि पाऊस दोन्ही बाधतात. दोन फॉरवर्ड उन्नीस-बीस असतील तेव्हा अंदाज बघून निवडा. केवळ पावसासाठी ५ चा माणूस ७ च्या जागी आणू नका.

८. सामना चालू असताना

लाइनअप देतानाच सशर्त ऑर्डरी देता येतात: अमुक मिनिटाला, हरत असू तर, जिंकत असू तर. खेळाडू न बदलता नुसती त्याची ऑर्डरही बदलता येते, आणि हे नव्यांना बरेचदा माहीतच नसतं. माझी नेहमीची मांडणी अशी: साठाव्या मिनिटाच्या आसपास हरत असू तर डिफेन्सिव्ह फॉरवर्ड नॉर्मल, जिंकत असू तर दोनपैकी एक फॉरवर्ड काढून त्या जागी ताज्या दमाचा, प्लेमेकिंगवाला, डिफेन्सिव्ह. उत्तरार्धात दम संपलेल्या मिडफिल्डला त्याने आधार मिळतो.

बाकावर फॉरवर्डची वेगळी जागा असते. ती रिकामी ठेवून दहाव्या मिनिटाला स्ट्रायकर जखमी होणं यासारखा मनस्ताप नाही. डेडलाइनही सामन्याच्या आधी संपते. सामना सुरू व्हायच्या वेळी लॉगिन करून उपयोग नाही, आदल्या रात्रीच ऑर्डर जमा करा आणि सकाळी जखमींची यादी बघून गरज पडली तर दुरुस्त करा.

९. ट्रेनिंगचा मेळ

स्कोअरिंगचं ट्रेनिंग फॉरवर्डच्या तीन जागांवर खेळणाऱ्यांना मिळतं, आणि ते जागेवरून मोजलं जातं, ऑर्डरीवरून नाही. डिफेन्सिव्ह किंवा टुवर्ड्स विंग दिलं म्हणून पोराचं ट्रेनिंग बुडत नाही. ही भीती बाळगून दर सामन्यात तिघांना नॉर्मल ठेवणारे उगाच गुण घालवतात.

आठवड्यात लीगचा एक आणि कपचा किंवा मैत्रीपूर्ण एक, असे दोन सामने मिळतात. एका खेळाडूला ९० मिनिटांपेक्षा जास्त ट्रेनिंग मिळत नाही, म्हणून दोन्ही सामन्यांत तेच तिघे खेळवू नका. वेगळे तिघे घ्या, सहा जण तयार होतात.

पासिंगचं ट्रेनिंगही फॉरवर्डच्या जागेवर पूर्ण मिळतं. स्कोअरिंगवाल्या पोराला मधे काही आठवडे पासिंग दिलंत तर तो नॉर्मललाही भारी पडतो आणि डिफेन्सिव्हलाही. विंगरचं नेहमीचं ट्रेनिंग मात्र फॉरवर्डच्या जागेवर मिळत नाही. टुवर्ड्स विंगसाठी माणूस घडवायचा असेल तर त्या काळात त्याला प्रत्यक्ष विंगरच्या जागी खेळवा. लीगमध्ये ते परवडत नसेल तर मधल्या वारी, मैत्रीपूर्ण सामन्यात. विंग अटॅक्स नावाचं दुसरं ट्रेनिंग विंगर आणि फॉरवर्ड दोघांनाही लागतं, पण त्याचा वेग कमी. घाई नसेल आणि तीन-चार माणसं एकदम घडवायची असतील तरच त्याच्या वाटेला जा.